बायकोच्या आठीवर लावलेले टायमिंग

गॅरेज त्याचे, पण नाव गल्लीने ठेवलेले: कानसेन. दारात गाडी आली की बॉनेट उघडण्याआधी तो डोळे मिटून तिच्यासमोर उभा राहायचा, देवापुढे उभे राहावे तसा, आणि म्हणायचा, "तिसरा प्लग काळा पडलाय." प्लग काढावा तर काळाकुट्ट. देव कुणाला रूप देतो, कुणाला पैसा देतो. याला कान दिले होते. आणि दिले तेही जरा ऐसपैस. बायको म्हणायची, "माप घेताना तुमची जागा चुकून सुपांच्या रांगेत लागली असावी."

त्याची खरी ख्याती टायमिंगची. जुन्या इंजिनात ठिणगी पडते ती नेमक्या क्षणी पडावी लागते. घाईने पडली तर इंजिन आतल्या आत बारीक खडखडते, त्याला ठोकणे म्हणतात. उशिरा पडली तर गाडी सुस्तावते, तापते आणि धुराच्या नळीतून बार काढते. ही वेळ पुढेमागे करायला डिस्ट्रिब्यूटर नावाचे एक डबडे असते. त्याचा बोल्ट सैल करून ते केसभर फिरवायचे: पुढे केले की ठिणगी लवकर, मागे केले की उशिरा. कानसेन गिऱ्हाइकांना समजावून सांगे, "पाहुण्यांसारखं आहे हे. लवकर आले तर स्वयंपाकघरात भांडी आपटतात, उशिरा आले तर यजमान तापतो."

समोरच्या बाजूला त्याच्या मेहुण्याचे, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाचे गॅरेज होते. तो हे काम लुकलुकणाऱ्या दिव्याने करी. इंजिनाच्या चाकावर दिवा धरला की त्यावरची खूण थांबल्यासारखी दिसते, ती रेघेला जुळवायची, झाले. कानसेनला हे म्हणजे जेवण चाखण्याऐवजी मोजपट्टीने मोजण्यासारखे वाटे. त्याची पद्धत वेगळी. बायको ड्रायव्हरच्या जागेवर बसायची, पाय ॲक्सिलरेटरवर. तो "दे!" म्हणाला की दाबायचा, "सोड!" म्हणाला की सोडायचा. लग्नापासून ती अशी बसत आली होती. या जागेवर ती जितकी बसली तितके गल्लीतले कुणी बसले नसेल, आणि गाडी मात्र तिने वीतभरही चालवली नव्हती.

आता खरी गोष्ट. वर्षभरापूर्वी भिंतीवरचे घड्याळ बंद पडले म्हणून कानसेनने त्यात नवा सेल घातला. तरी टिकटिक येईना. स्टुलावरून उतरताना त्याचे लक्ष गेले तर सेकंदकाटा ऐटीत फिरत होता. तो तसाच स्टुलावर बसून राहिला. जाड आवाज सगळे येत होते: ट्रक, कुत्रा, मेहुणा. बारीक आवाज तेवढे घर सोडून गेले होते. आणि इंजिनाचे ठोकणे हा बारकातला बारीक आवाज.

सांगायचे कुणाला? सुताराने हात गेला म्हणावे आणि कानसेनने कान गेला म्हणावे, मग उरले काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. देवाला सांगितले, पण त्याच्याकडून उत्तर आले असेल तर तेही बारीक आवाजात आले असावे.

तरी देवाने वाट दाखवली. बॉनेट उभे केले की बुडाशी एक फट राहते. एक दिवस त्या फटीतून त्याला बायकोचा चेहरा दिसला. इंजिन ठोकू लागले की तिच्या कपाळाला आपोआप आठी पडे, भाजी करपल्याचा वास यावा तशी. डबडे केसभर मागे फिरवले की आठी जाई. इतकी वर्षे ऐकून तिचा कान तयार झाला होता आणि तिचे तिलाच ठाऊक नव्हते. त्या दिवसापासून कानसेन डोळे मिटायचा ते फक्त गिऱ्हाइकासमोर. पुढचे सगळे टायमिंग आठीवर.

काम झकास चालले. मग आल्या डॉक्टरीणबाई.

डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या होत्या, त्यांची गाडी झाली नव्हती. बाकीच्या जुन्या गाड्या एकेक करत भंगारात गेल्या आणि गावात टायमिंग लावायला लागेल अशी ती शेवटचीच गाडी उरली. नव्या सगळ्यांच्या पोटात कॉम्प्युटर. बाईंची बहीण टेकडीवर राहायची आणि चढावर गाडी खडखडायची. त्या म्हणाल्या, "कानसेन, या वेळी नीट कर. चढ चढली नाही तर गाडी समोर, तुझ्या मेहुण्याच्या दिव्याखाली. मी म्हातारी झाले, मला लाडाकोडाला वेळ नाही."

म्हणजे ही गाडी गेली की कानसेनच्या कानाला काम उरणार नव्हते. तो मनापासून वाकला. "दे!" म्हणाला. फटीतून पाहिले. आठी. डबडे मागे. आठी. आणखी मागे. आठी तर खोलच गेली, वर ओठही आवळले गेले. किती ठोकतेय ही गाडी! त्याने ते आणखी मागे घेतले, आणि शेवटी आठी काही हलेना तेव्हा बोल्ट आवळून टाकला.

डॉक्टरीणबाईंनी चाक धरले, शेजारी कानसेन, मागे पाण्याचा कॅन मांडीवर घेऊन बायको. बाजारापर्यंत गाडी रडतखडत गेली. चढ लागताच तिने एक मोठा बार काढला. दुकानांतून माणसे बाहेर धावली. दुसऱ्या बाराला ती आत पळाली. तिसऱ्याला गाडी वाफ सोडत थांबली आणि उलटी उतरू लागली.

डॉक्टरीणबाई ब्रेक दाबून शांतपणे म्हणाल्या, "उद्या सकाळी एकदा. शेवटचं."

गाडी ढकलत आणली, ती मेहुण्याच्या दारावरूनच. तो हात पुसत उभाच. "दाजी, दिवा देऊ का?"

"तुझा दिवा तू देवापुढे लाव."

"लावतो. तुमच्या गाडीसाठीच लावतो."

घरी आल्यावर कानसेन पायरीवर बसला. बायको भाजी निवडत होती. तो म्हणाला, "गाडीत तू आठी का घातली होतीस?"

"कुठली आठी?"

"तीच गं. इंजिन ठोकत होतं ना?"

"इंजिन कशाला ठोकेल? बिचारं चांगलं चाललं होतं, तुम्हीच त्याचा गळा आवळत होतात. ठोकायचं मला होतं. तुम्हांला."

"मला? आणि ते कशासाठी?"

"बघा! तेही आठवत नाही. तीनदा विचारलं. भांडी घासताना विचारलं, नळाचं पाणी भरताना विचारलं, काल मिक्सर चालू असताना विचारलं. नाही तर नाही म्हणा. माणसाने दगडासारखं बसून राहायचं? देवाच्या मूर्तीला विचारलं असतं तर निदान फूल तरी पडलं असतं."

नळ, भांडी, मिक्सर. कानसेनने डोके धरले. आता लपवत बसले तर गाडीही जाणार होती आणि बायकोही.

"अगं, मला ऐकू येत नाही."

"ते माहितेय. लग्नापासून."

"तसं नाही गं. खरंच. बारीक आवाज येतच नाहीत. वर्ष झालं. मी तुझ्या तोंडाकडे बघून टायमिंग लावतो."

बायकोने हातातली भाजी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "तिकडे तोंड करा." त्याने केले. थोड्या वेळाने वळून विचारले, "काय म्हणालीस?"

"आता नाही सांगत," ती पदराने डोळे टिपत म्हणाली. हसतेय की रडतेय हे त्याला कळेना. चेहऱ्यावर टायमिंग लावणाऱ्याची मोठीच पंचाईत. "आणि विचारत होते ते एवढंच, की मला गाडी शिकवाल का? जन्मभर त्या सीटवर बसले, एकदा तरी ती पुढे जाताना बघू द्या."

"एवढंच? अगं, मग आरडायचं ना!"

"तुमच्या कानांचा मान ठेवत होते हो मी."

सकाळी तिला नेहमीसारखे बसवले, तर वेगळीच आफत. तिला माहीत झाले होते की तो बघतोय. फटीत त्याचे डोळे दिसले की ती फिस्सकन हसे. हसण्यावर काय टायमिंग लावणार? शेवटी ठरले की तिने डोळे मिटायचे आणि हात खिडकीबाहेर काढायचा. ठोकले की मूठ, नीट झाले की उघडा पंजा. काल मागे ओढलेले डबडे कानसेनने आधी पार पुढे आणले.

"दे!"

मूठ. केसभर मागे. मूठ. आणखी अर्धा केस. मूठ सैल पडली, जराशी थरथरली आणि फुलासारखी उघडली. कानसेनने बोल्ट आवळला.

समोरून मेहुणा ओरडला, "ताई, हात काय बाहेर काढलायस? वळतेयस कुठे?"

"शिकतेय रे! आधी हात दाखवायला शिकवतात!"

चढावर या वेळी दुकानदार आधीच आत जाऊन बसले होते. गाडी त्यांच्यासमोरून गुमान वर गेली, पहिले वळण, दुसरे वळण, थेट बहिणीच्या फाटकापर्यंत. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "कान शाबूत आहे रे तुझा!"

कानसेनला गप्प राहता आले असते. मागच्या सीटवर बायकोही गप्पच होती, मूठ झाकूनच. पण देव वरून बघतो आणि ती तर अगदी मागून बघत होती.

"बाई, डावा अर्धाच आहे," तो म्हणाला. "उजवा मागे बसलाय."

डॉक्टरीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "असं आहे होय! मग सोमवारी कान तपासून घ्यायला ये. आणि गाडी तुमच्याकडेच राहील, पण दोघं असाल तरच हात लावायचा." एवढे बोलून त्या बहिणीकडे निघाल्या, आणि फाटकातून वळून म्हणाल्या, "तोवर गाडी त्या झाडाच्या सावलीत लावून ठेवा."

झाड कुंपणाच्या टोकाला होते. मोकळे मैदान, माणूस नाही, काणूस नाही. कानसेनने पाहिले तर बायको केव्हाच पुढे येऊन बसली होती, पदर खोचून, देवाचे नाव घेऊन. त्याने क्लच सांगितला, गिअर सांगितला, हलक्या हाताने घालायला सांगितला. तिने दांडा धरला आणि भांडे आपटावे तसा ढकलला. खाली असा करकराट झाला की झाडावरचे कावळे उडाले.

ती घाबरून थांबली. "अहो, काही बिघडलं का?"

"नाही," कानसेन सुखाने म्हणाला. "हे मात्र मला नीट ऐकू आलं. पुन्हा घाल."