साळुबाईचं लाजाळू

घोडेगावच्या वरच्या अंगाला, भाताची चार खाचरं असलेल्या डोंगरातल्या घरात रामनाथ जन्मला. विसाव्या वर्षापर्यंत त्यानं समुद्र पाहिला नव्हता. तरी जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत खाऱ्या पाण्यातले मासे जगवायचे म्हटलं की लोक त्याचंच नाव घ्यायचे. पुण्यात भरतशेठच्या शोभेच्या माशांच्या दुकानात त्यानं अठरा वर्षं काढली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तो गावी परतला, आणि हॉटेलांतल्या, दवाखान्यांतल्या माशांच्या काचपेट्या सांभाळू लागला. बाकी सगळ्या गोड्या पाण्याच्या. खाऱ्या पाण्याची एकच, जुन्नरला डॉक्टर अश्विनींच्या मुलांच्या दवाखान्यात. ती त्यानं स्वतः उभी केली होती. दर गुरुवारी एसटीनं जाऊन तो तिचं पाणी बदलायचा, आणि त्या दिवशी घरून निघताना शर्ट इस्त्रीचा घालायचा.

दवाखान्यात झाडलोट करणारी साळुबाई त्या पेटीची खरी धनीण होती. साठी ओलांडलेली, विधवा, बोलायला तुटक. पेटीतल्या मऊ प्रवाळांचं, माशांचं तिला फारसं काही नव्हतं. तिचा जीव होता तो एका किड्यावर. दोन दगडांच्या फटीत बोटाएवढी चामड्यासारखी नळी होती, आणि तिच्या तोंडातून मोरपिसांचा असावा तसा पंखा फुललेला असायचा. काचेवर हाताची सावली पडली की पंखा झटक्यात आत. साळुबाईनं त्याचं नाव लाजाळू ठेवलं होतं. सकाळी फरशी पुसून झाली की ती काचेशी हात न्यायची, तो मिटायचा, मग ती पदर खोचून तो पुन्हा उघडेपर्यंत उभी राहायची. एका रविवारी दिवसभर वीज गेली तेव्हा दवाखाना बंद असतानाही ती येऊन बसली, आणि बॅटरीवरचा हवेचा पंप संध्याकाळपर्यंत राखला. रामनाथला तिनं ते सांगितलंही नाही. डॉक्टरांकडून त्याला कळलं.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता रामनाथनं पुण्याहून एका दगडावर बसवलेलं नवं प्रवाळ आणलं. नवा दगड पंधरा दिवस वेगळ्या बादलीत ठेवून बघायचा, हे त्यानं दुकानात शंभर पोरांना शिकवलं होतं. त्या गुरुवारी त्याला परतीची गाडी गाठायची होती. त्यानं दगड थेट पेटीत ठेवला.

महिन्याभरात दगडाच्या कडेला तपकिरी, काचेसारखी आरपार दिसणारी फुलं उगवली. धंद्यातली माणसं त्यांना एप्टेशिया म्हणतात. दिसायला नाजूक, पण त्यांचा डंख शेजारच्या प्रवाळाला जाळतो. भातातल्या तणासारखीच ती, तोडावीत तितकी वाढतात. रामनाथनं पानाला लावायचा चुना पाण्यात कालवून सुईनं एकेकाच्या तोंडात सोडला. काही मेली. काहींचे तुकडे सुटून दुसरीकडे रुजले. त्यानं आणलेल्या लाल पट्ट्यांच्या कोळंब्यांनी बारकी फुलं खाल्ली, पण मोठ्यांच्या वाटेला त्या गेल्या नाहीत. दिवाळीपर्यंत फुलांखाली दगडच दिसेना.

डॉक्टर म्हणाल्या, पुण्याहून कुणी जाणकार बोलवायचा का? त्यांचा सूर साधा होता, पण रामनाथला तो लागला. हे आलं कुठून असंही त्यांनी विचारलं. कधीकधी येतं पाण्यातून, असं त्यानं सांगून टाकलं.

मग त्यानं भरतशेठला फोन केला. भरतशेठनं दोन वाटा सांगितल्या. एक, बिनशंखाची समुद्री गोगलगाय. नखाएवढी, हीच फुलं खाते आणि दुसरं काही खात नाही. पण काम संपायला चार-सहा महिने लागतात. दुसरी, लांब चोचीचा, नारिंगी पट्ट्यांचा फुलपाखरू मासा. तो पंधरा दिवसांत साफ करील. "पण पेटीत पंखा-किडा असंल तर आधी काढून घे," भरतशेठ म्हणाला. "त्याला सोडायचा न्हाई तो."

किडा काढायचा म्हणजे दगडांची रचना मोडायची, दिवसभराचं काम, आणि हे कशासाठी चाललंय ते डॉक्टरांना सांगावं लागलं असतं. रामनाथ म्हणाला, बघतो. पुढच्या गुरुवारी मासा घेऊनच तो जुन्नरला उतरला.

माशाची पिशवी पेटीतल्या पाण्यावर तरंगत ठेवली होती. साळुबाई हात पुसत जवळ आली. तिनं त्या चोचीकडे बराच वेळ पाहिलं.

"माज्या लाजाळूला काय करायचा न्हाई ना ह्यो?"

रामनाथनं काचेवरचा एक डाग पुसला. "न्हाई मावशी," तो म्हणाला. "त्यो फकस्त ती घाण खातो."

माशानं काम चोख केलं. फटीत चोच घालून एकेक फूल तो ओढून काढायचा. बाराव्या दिवशी दगड स्वच्छ झाले. डॉक्टरांनी फोटो काढून ओळखीच्यांना पाठवले, आणि रामनाथचं नाव घेऊन पाठवले. त्या आठवड्यात तो घरी सोनीबाईशी, आपल्या बायकोशी, लई मोकळं बोलला.

सोमवारी साळुबाईचा फोन आला. लाजाळू बाहेर येत नव्हता.

गुरुवारी जाऊन त्यानं पाहिलं तर नळीच्या तोंडाशी पंख्याचे दोन धागे राहिले होते. असे किडे कधीकधी पंखा टाकतात आणि नवा उगवतात, हे खरं होतं. त्यानं साळुबाईला तेच सांगितलं. पुढच्या गुरुवारी ती औषधांची खोकी उचलायला आत गेली तेव्हा त्यानं चिमट्यानं नळी हलकेच दाबली. ती रिकामी होती. साळुबाई बाहेर येऊन काचेशी उभी राहिली.

"येईल का रं?"

"येईल मावशी. टाइम लागतो."

तो असं का बोलला हे त्याला पुढे कितीदा तरी स्वतःला विचारावं लागलं. तिचा चेहरा पाहवला नाही हे एक. पण त्याहून मोठं हे की नळी रिकामी आहे म्हटलं असतं तर ठाऊक असून मासा का आणला, दगड न तपासता कुणी ठेवला, सगळंच उकलत गेलं असतं.

साळुबाई दोन महिने वाट पाहत राहिली. रोज फरशी पुसून झाली की नळीपुढे उभी राहायची. आता हात पुढे करत नव्हती, सावली पडली तर तो घाबरून आतच राहील म्हणून. दवाखान्यातली परिचारिका साधना हे रामनाथला हसत हसत सांगायची, आणि तो बादलीत तोंड घालून पाणी ढवळत बसायचा.

इकडे फुलं संपली तसा मासा उपाशी पडला. गोठवलेली कोळंबी, शिंपल्याचं मांस, काही त्यानं तोंडात घेतलं नाही. त्याचं पोट आत गेलं, पाठ सुरीसारखी झाली. निदान पहिल्या फुलांतली चार एका बरणीत वाढवून ठेवली असती तर त्याला खायला मिळालं असतं, पण रामनाथनं शेवटचं फूलसुद्धा मोठ्या तोऱ्यानं माशाला खाऊ दिलं होतं. संक्रांतीच्या आसपास मासा मेला. उन्हाळ्यात दगडाखालून चुकार तुकडे पुन्हा रुजले. या वेळी त्यानं गोगलगायी आणल्या आणि घाई केली नाही. फुलं आपण न तपासता ठेवलेल्या दगडावरून आली, लाजाळू माशानं खाल्ला, हे डॉक्टरांना तेव्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे तुम्ही मला सांगून काय उपयोग, रामनाथभाऊ?"

तोवर साळुबाईनं काम सोडलं होतं. गुडघे धरले होते. ओझरला लेकीकडे राहून ती गणपतीच्या देवळाच्या वाटेवरच्या हारांच्या टपरीत बसायची. रामनाथ एका मंगळवारी तिथे गेला. गिऱ्हाईक नव्हतं. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं. भरतशेठ काय म्हणाला होता ते, आणि चिमट्यानं नळी दाबली होती तेही.

साळुबाईनं दोऱ्यातलं फूल पुढे सरकवलं.

"मासा टाकलास त्याचं मला काय न्हाई," ती म्हणाली. "चुकतं माणसाचं. पर नळी रिकामी हाय हे ठावं असून तू मला तिच्याम्होरं दोन महिनं हुबी केलीस."

डॉक्टर दुसरा किडा आणायला तयार आहेत, तिनं कधी येऊन पाहावं, असं तो बोलू लागला. तिनं मान हलवली. तिला नको होता.

एक गाडी थांबली, माणसं उतरली. साळुबाई त्यांना दूर्वा देऊ लागली. रामनाथ थोडा वेळ बाजूला उभा राहिला. तिनं त्याला जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही. जुन्नरची एसटी आली तेव्हा ती सुटे परत करत होती, आणि तो गाडीत चढला.