ताटलीतला पिंपळ

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा तिथं बदलीवर आलेल्यांत सिंधुबाई नर्स होत्या. एस.टी.तून उतरल्या तेव्हा खांद्याला पिशवी आणि हातात ताटलीएवढी उथळ कुंडी; तीत वीतभर पिंपळ. चाकूरला भिंतीच्या फटीतलं रोप काढून नवऱ्यानं त्याचं बोन्साय केलं होतं. नवरा गेला, पिंपळ राहिला. "ह्यो वाळला तर त्यांना दुसऱ्यांदा पोचवल्यावानी हुईल," असं त्या म्हणायच्या, म्हणून त्या राहायच्या ती अख्खी बौद्ध वस्ती त्या झाडाला जपायची.

आता जपायचं म्हणजे किती? दुष्काळाचं वर्ष, टँकरपाशी झिंज्या उपटायची वेळ. पण वैशाखी पौर्णिमेला त्यांच्या दारी वंदनेला आलेली प्रत्येक बाई आपल्या हंड्यातलं पेलाभर पाणी बोधिवृक्षाला घालून गेली. शेजारची विठामाय तर रोजच घालायची. अशा पाण्याला नको म्हणायला सिंधुबाईंची जीभ रेटेना.

पुढे पानं पिवळी पडली, माना टाकू लागली. दवाखान्यात उन्हाळाभर हगवणीचे पेशंट. मान टाकली की लाव सलाईन. एकदा हाताला वळण पडलं की डोळ्यांना कोण विचारतं! त्यांनी आपल्या वाट्याचं पिण्याचं पाणीही झाडाला घातलं. झाड आणखीच मलूल झालं.

शेवटी एका सकाळी त्यांनी मातीत बोट खुपसलं. भर उन्हाळ्यात माती चिंब, बोटाला आंबूस वास. कुंडी उचलून पाहिली तर तळाचं भोक गाळानं बुजलेलं. साचल्या पाण्यानं मुळं कुजली होती; कुजकी मुळं पाणी कशी ओढणार? आपणच मारलं की काय, असं त्यांच्या मनात आलं.

मग कात्री उकळली. काळी, लिबलिबीत मुळं कापली, पांढरी, टणक तेवढी ठेवली. भोक मोकळं केलं, मातीत वाळू नि विटांचा चुरा मिसळला, झाड सावलीला ठेवलं. उरली पानंही झडली. नखानं साल खरवडून खाली हिरवं आहे का, एवढंच बघायचं होतं. पण छाती होईना.

तेवढ्यात विठामाय पेला घेऊन दारात आली.

"नको घालू, माय. पाण्यानं मुळं सडल्यात."

विठामायनं पेला मागं घेतला. "म्हंजी म्याच मारलं व्हय गं?"

सिंधुबाईंनी डोळे मिटून साल खरवडली. उघडून पाहिलं, तर बारीक हिरवी रेघ. त्यांनी विठामायच्या हातातला पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला.

"जितं हाय, माय. तान मलाच लागली हुती."