मनोहरकाकांनी दिलेले बाबा

मनोहरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलचूरच्या घरी मुलांचे पेपर तपासत होते. त्यांची सून म्हणाली, "ताई, मामाजी गेले जी. झोपेतच." मी खूप रडले. ते रडणं खरं होतं, हे आधीच लिहून ठेवते. कारण पुढचं वाचून वाटेल, ही बाई मेलेल्या माणसाशी भांडते आहे. हो, भांडतेच आहे.

नवेगाव बांधला बस थांबते तिथून जवळच त्यांची फोटोची खोली होती. मागे निळा पडदा, समोर स्टूल आणि खिळ्याला एक काळा कोट. तलावावर जाळी टाकणारे, तेंदूपत्ता तोडणारे, रोवणीवरून चिखलाच्या पायांनी आलेले... ज्याच्या अंगावर धड सदरा नसे, त्याला काका तो कोट चढवत. बाह्या लांब झाल्या तर म्हणत, "हात मांगं कर ना बावा, कोन पाहून रायला?" आमच्या भागातले कितीतरी बाप्ये त्या एका कोटात आयुष्यात एकदाच साहेब झाले.

माझे बाबाही त्यातलेच. त्यांनी फोटो काढला आणि तो छापून यायच्या आत तापानं गेले. मी चार वर्षांची होते, चेहरा आठवत नाही. काही महिन्यांनी काकांनी फ्रेम आणून दिली... काळा कोट, दाट मिशी, बारीक डोळे. बुद्धाच्या तसबिरीशेजारी ती लागली. दहावीचा निकाल मी आधी त्या फ्रेमला सांगितला, मग मायला.

शाळेचा फॉर्म असो की नोकरीचा, माझे फोटो काकाच काढत. स्टुलावर बसवून दर वेळी एकच बोलणं, "केस मांगं घे पोरी, कान दिसू दे." मी विचारायची, "काका, मी बाबांसारखी दिसते?" ते म्हणत, "डिट्टो." मग घरी येऊन मी आरशात ते बारीक डोळे शोधत बसायची. सापडायचे नाहीत, पण काका म्हणतात म्हणजे असतीलच.

महिन्याभरानं सुनेनं बोलावलं. खोली रिकामी करायची होती, निगेटिव्हचे डबे भंगारात जाणार होते. मी म्हटलं, थांब, माणसं आहेत ती. डब्यांत पाकिटं, प्रत्येकावर काकांच्या सुबक अक्षरात नाव आणि गाव. एका पाकिटात निगेटिव्हसोबत छोटी प्रत निघाली... आमच्या भिंतीवरचाच फोटो. वर लिहिलेलं, सोमा, चिचगड. मी तीनदा वाचलं. मग वेड्यासारखी बाबांचं नाव शोधू लागले. सापडलं. पाकीट रिकामं, नावाखाली चार शब्द: पाणी लागून खराब झाली.

चाळीस वर्षं मी एका परक्या माणसापुढे हात जोडले. आणि काका आमच्याकडे येऊन त्याच फोटोखाली बसून चहा प्यायचे.

घरी येऊन दोन्ही पाकिटं मायपुढे टाकली. ती म्हणाली, "मले मालूम होतं."

"काय?"

"नवऱ्याचा चेहरा नाई वळखत का मी? फरेम पायल्याबरोबर मनोहरभाऊले म्हनलं, हा कोन? तं थो रडून रायला. तू फरेम धरून बसली, सोडेच ना. मंग कायले बोलू?"

तिच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. तिचं एक वेळ समजतं, लेकराला बाप हवा होता. पण काका? मी मोठी झाले, मास्तरीण झाले. बाबांना भिंगातून नीट निरखून पाहिलेला तो एकच माणूस. फोटो गेला तर गेला. माणूस कसा होता, एवढं तोंडानं सांगायला काय झालं होतं? भ्याले. दुसरं काही नाही. आता सोमाची फ्रेम उतरवून ठेवली आहे. चिचगडला जाऊन त्याच्या घरच्यांना शोधायचं आहे. त्यांच्याकडे तरी त्याचा फोटो असेल का, कुणास ठाऊक.

तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "मग कसे होते बाबा?"

माय बराच वेळ आठवत राहिली. "नाक-डोरे सादेच," ती म्हणाली. "कान मोठे होते. तुये हायेत ना, तसेच."

मी माझे सगळे जुने फोटो काढून पलंगावर मांडले. दहावीचा, नोकरीचा, आधारच्या आधीचे, नंतरचे... प्रत्येकात केस मागे आणि दोन्ही कान पुरते दिसतात. म्हणजे दर वेळी मला स्टुलावर बसवून काका बाबांना पाहत होते. एकटेच.