पायरीजवळचा कॉक

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. त्या दिवसाला आम्ही पाण्याचा दिवस म्हणतो. त्या दिवशी अख्खं घर लग्नाला गेलं तरी एक माणूस मागे राहतं. वडील गेल्यावर ते माणूस मी झालो, आणि मला साधा पाना नीट धरता येत नाही.

परवाचा पाण्याचा दिवस तर चुकवून चालणारच नव्हता. दुसऱ्या दिवशी वडिलांचं वर्षश्राद्ध, अक्कलकोटहून मामा-मावश्या यायच्या होत्या आणि हौदाचा तळ दिसत होता. सकाळी पाणी आलं आणि परसातला एक पाइप भिंतीजवळ फुटला. फवारा थेट माझ्या चष्म्यावर.

आमचा प्लंबर चिंचोळी एमआयडीसीत कामावर होता. संध्याकाळी येतो, तोवर मेन कॉक बंद करा की, असं म्हणून त्यानं फोन ठेवला. पण मेन कॉक कुठला? वडिलांनी हयातभर स्वतःच्या हातानं पाइप जोडले. पाण्याची तऱ्हा बदलली की नवी लाइन टाकायची आणि जुनी तशीच ठेवायची, ही त्यांची पद्धत. परसात कॉकच कॉक. एक फिरवला तर मोरीतला नळ थांबला. दुसरा फिरवला तर काहीच झालं नाही, म्हणून मी तो पुन्हा उलटा फिरवला, तरीही काही झालं नाही. तिसऱ्याची मूठ हातात आली. आता कुठला उघडा नि कुठला बंद, हेच मला कळेना.

बायको मोटरीच्या बटनापाशी उभी राहून लावू का, लावू का विचारत होती. आतून आईची बडबड चालू होती, उशीर करण्यात बापावर गेलाय म्हणून. वडिलांच्या बाबतीत ते खरंच होतं. सगळ्या गल्लीच्या मोटरी सुरू झाल्या तरी वडील परसातल्या पायरीवर चहा पीत बसायचे. कुणी घाई केली की म्हणायचे, "आधी गढूळ पाणी जाऊ दे." यावरून आईनं त्यांना जन्मभर बोल लावले.

शेवटी भिंतीलगतच्या त्याच पायरीच्या आड, मातीत अर्धा गाडलेला एक कॉक सापडला. फिरवला, आणि फवारा थांबला. माझा आनंद गगनात मावेना. मोटर लाव असं ओरडणार, तोच भिंतीपलीकडून शेजारच्या काकू दबक्या आवाजात बोलल्या. कधीकाळी याच भिंतीवरून भांडण झालं, तेव्हापासून त्यांचा आणि आईचा अबोला आहे.

"आमचं पानी बंद केलंस व्हय रे?"

तुमचं पाणी आमच्याकडे कसं, मला काहीच उमगेना. काकू सांगू लागल्या. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला, मोटरी लागल्या की त्यांच्या नळाला धारच येत नाही. काका गेले त्या साली वडिलांनी भिंतीखालून हा पाइप टाकून दिला. आधी त्यांचं पिंप भरू द्यायचे, मगच आमची मोटर लावायचे.

मी वडील गेल्यापासून पाणी आलं रे आलं की मोटर लावत होतो. वर्षभर.

"मग वर्षभर कसं भागवलंत, काकू?"

"भागतंय की. थोडं थोडं येतंय."

लाज वाटली, आणि वडिलांचा रागही आला. इतके कॉक ठेवून गेले, पण मला सांगितलं नाही. मग वाटलं, आईच्या कानावर जाऊ नये म्हणूनच सांगितलं नसेल. काय ते अजूनही नीट कळलेलं नाही.

उद्याच्या पाहुण्यांचा विचार मनात आला. मोटर आत्ता लावली नाही तर हौद अर्धासुद्धा भरणार नव्हता. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी शोधून मी पाइपाला आवळून बांधली, वरून मूठ दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं कॉक सोडला. पलीकडे पिंपात पाणी पडू लागलं. माझ्या बोटांतून थोडं गळत होतं, ते अगदी स्वच्छ होतं.

बायकोनं पुन्हा विचारलं, आता तरी लावू का?

"थांब," मी म्हणालो. "आधी गढूळ पाणी जाऊ दे."

आत आईची बडबड एकदम थांबली.