बाभळीची पाचर

रत्नाताई लॉजवर आली की खोली नंतर बघायची, आधी दार. मला आत उभं करून कडी लावायला सांगायची आणि बाहेरून खांद्यानं दार ढकलायची. मग आत जाऊन पिशवीतली बाभळीची पाचर दाराखाली ठोकायची. मला राग यायचा. धुळ्याच्या स्टँडजवळच्या त्या लॉजच्या काउंटरवर मी बावीस वर्षं बसलो. शिक्षण चौथी, पण माणूस मी चालीवरून ओळखतो, असं कोणालाही ऐकवायचो.

"ताई, कडी चांगली मजबूत आहे आमची," म्हटलं की ती हसायची. "नाना, कडी लोखंडनी शे, पन स्क्रू सडेल लाकूडमा शेतस."

ती चोपडा तालुक्यातली. नवरा वारलेला. बचत गटांच्या बायकांना केळीचे वेफर करायला शिकवायची. आज धुळे, उद्या पाचोरा. सासऱ्यानं एकटीला फिरू दिलं ते एका अटीवर: बाहेरून एक शब्द जरी कानावर आला, की फिरणं बंद. हे तिनंच मला चहा पिता पिता सांगितलं होतं. "मना पायले दोरी बांधेल शे, नाना. लांब शे म्हनीसन दिसत नही."

मलाही तिनं शिकवायला घेतलं. खोलीचा नंबर मोठ्यानं बोलायचा नाही. कोणी विचारत आलं तर अशी बाई इथं नाही म्हणायचं.

"खोटं बोलू?"

"बोला. मना साठे बोला."

"आणि सख्खा भाऊ आला तर?"

"सख्खा भाऊ आधी माले फोन करी ना, नाना!"

एका दुपारी एक जण आला. पांढरा सदरा, बोलणं गोड. म्हणाला, मी रत्नाचा आतेभाऊ. आमच्याकडे माणसाला आधी गाव विचारतात, मग कोणाचा म्हणून विचारतात. त्यानं गाव सांगितलं, तिच्या वडिलांचं नाव सांगितलं, आणि बोलता बोलता माझ्या मावशीच्या गावात त्याची सोयरीक निघाली. आता सोयऱ्याशी खोटं कसं बोलणार? मी त्याला पाणी दिलं आणि ऐटीत म्हणालो, "वरती, सात नंबर." दोन चहासुद्धा सांगितले.

चहा यायच्या आत वरून तिची आरोळी आली. धावत गेलो. दार बोटभर उघडून पाचरीवर अडकलं होतं आणि तो खांदा लावून ढकलत होता. मला बघताच मलाच लोटून जिन्यानं पळाला. आत कडी स्क्रूसकट लोंबत होती. तो कोणाचा आतेभाऊ नव्हता. वेफरच्या वर्गाबाहेर आठवडाभर उभा राहायचा. तिथल्याच बायकांकडून त्यानं तिचं गाव, वडिलांचं नाव काढून घेतलेलं.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "नाना, घर काही सांगू नका. हात जोडस."

मी ऐकलं नाही. माझ्या लॉजवर असं घडावं आणि मी घरच्यांना कळवू नये? रजिस्टरमध्ये बघून फोन लावला. सासऱ्याला सगळं सांगितलं, सून तुमची वाघीण आहे, असंही वर सांगितलं. तो म्हणाला, "बरं झायं सांगं. लेवाले येतस."

दिवस मावळायच्या आत दीर गाडी घेऊन आला. ती खाली मान घालून गाडीत बसली. पाचर दाराखालीच राहिली.

चार महिने वाट बघितली, मग मीच तिच्या गावी गेलो. सासऱ्यानं चहा दिला, केळीच्या बागेचं बोलला. मी म्हणालो, "भाऊ, नंबर मी सांगितला. चूक माझी. तिला जाऊ द्या."

"चूक कोनीबी करो, नाना. नाव बाईनंच निंघस."

मी कप खाली ठेवून बाहेर आलो.

ती ओटीवर मशीनवर साडीला फॉल लावत होती. मी पाचर पुढं धरली. तिनं ती हातात घेऊन उलटीसुलटी करून बघितली.

"बरं झायं, नाना. हाई मशीन भलती हालस."

वाकून तिनं ती मशीनच्या पायाखाली सारली, मुठीनं दोनदा ठोकली. मग दाराला लावायची तसा खांदा लावून मशीन ढकलून बघितली. हलली नाही. ती पुन्हा फॉल लावायला बसली.