पाठीला कान

बोलता बोलता मध्येच मावशी हात वर करायची. "थांब वो, आयकून राहिली मी."

मग अंगणात खेळणाऱ्या सुमीला ओढून घ्यायची, तिचा झगा वर सारायची आणि लेकीच्या पाठीला कान लावून डोळे मिटायची. शेजारणीचं वाक्य अर्धवट लटकायचं. सासूसुद्धा सुपारी कातरायची थांबायची. जराशाने मावशी कान काढून सुमीला एक थाप द्यायची, "जाय, खेळ," आणि शेजारणीला म्हणायची, "हं, मंग? तुया जावयानं काय केलं?"

डॉक्टर नळी लावून छाती ऐकतात ते तुम्ही पाहिलं असेल. त्यांचं अर्धं लक्ष दाराबाहेरच्या पुढच्या पेशंटकडे असतं. मावशी ऐकायची तेव्हा तिला जगात दुसरं काही नसायचं.

आमचं घर गोंदियात, धानाच्या गिरणीमागे. मधल्या भिंतीपलीकडे मावशी; नात्याची नव्हे, शेजारची. तिच्या नवऱ्याचं धान्याचं दुकान, जवळच्या मुर्री गावात शेती. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून मॅट्रिक होऊन नुकतीच घरी आले होते. माझ्याजवळ इंग्रजी भरपूर होतं, बोलायला कोणी नव्हतं, आणि मराठीत बोलायचं तर मला लाज वाटे. मी भिंतीपाशी पुस्तक घेऊन बसायची आणि पलीकडचं बघायची.

सुमी तान्ही असताना तिचे गाल सोललेल्या टोमॅटोसारखे असत, असं आई सांगायची. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्या ओल्या. रात्रंदिवस खाजवायची, म्हणून मावशीने जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवून तिच्या मुठींना बांधल्या होत्या. गाईचं दूध पहिल्यांदा पाजलं, तर ओठ सुजले, डोळे मिटले आणि रडण्याचा आवाजच बसला. त्या दिवसापासून दूध बंद. मुगाचं पाणी आणि तांदळाची पेज.

"दारात दोन म्हशी, अन् नात पेजेवर!" सासू कपाळाला हात लावायची. "सोयरे काय म्हणतीन?"

"म्हणतीन, म्हशीचं दूध म्हशीच्या लेकरानं पेलं."

गल्लीतल्या बायका तिला सांगत, मलम लावू नको, अंगावरचं दाबलं की छातीत जातं. तिने गावातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "मलमामुळे नाही जात, बाई. पण अशा काही मुलांची आधी कातडी त्रास देते, मग नाक, मग पुढे कधीतरी छाती. सगळ्यांना होत नाही."

बाकीचं ऐकून दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. मावशीने शेवटचे तीन शब्द तेवढे पदराला बांधून घरी आणले. "सगळ्यायले नाही होत." सासूला हेच, भाजीवालीला हेच. हिवाळ्यात गिरणी जोरात चालू झाली की कोंडा उडत आमच्या घरांवर यायचा. मग ती ओलं लुगडं खिडकीवर ताणून बांधायची आणि बांधताना गाठीला सांगितल्यासारखं म्हणायची, "सगळ्यायले नाही होत."

एकदा तिचा नवरा बिस्किटांचा डबा घेऊन आला. भिंतीवरून मावशीची हाक आली, "ए इंग्लिश पोरी, वाच बरं हे. काय काय आहे याच्यात?"

डब्यावर मोठ्या अक्षरांत मिल्क लिहिलं होतं. "दूध आहे," मी म्हटलं. माझं तिच्याशी झालेलं हे पहिलं बोलणं.

"मंग तूच खाय," म्हणून तिने अख्खा डबा माझ्या हातात दिला. सुमीने भोकाड पसरलं.

सुमी पाच वर्षांची झाली तेव्हा गाल स्वच्छ झाले होते, पण नाक सुरू झालं होतं. सकाळी उठली की शिंका. आणि दसऱ्याच्या सुमारास एका दुपारी मावशीने पाठीला कान लावला तो काढलाच नाही. बराच वेळ. मग तसाच कान ठेवून हळूच म्हणाली, "मांजराचं पिल्लू बोलून राहिलं आत."

त्या दुपारी सुमीच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जाताना मी पाहिली. मावशी तिला समोर टेकवून बसली आणि म्हशीच्या, रेल्वेच्या, कशाच्याही गोष्टी अगदी सावकाश सांगत राहिली. तिचा आवाज एकदाही कापला नाही. संध्याकाळी श्वास मोकळा झाला. मग ती उठून गोठ्यात गेली, आणि म्हशीशेजारी तोंडात पदर कोंबून रडली. मी भिंतीपाशी होते, म्हणून मला दिसलं.

सासूने लगेच नवस बोलला. आमच्याच भागातल्या प्रतापगडाकडे एका खेड्यात एक वैद्यमहाराज कोजागिरीला दम्याचं औषध देत. खीर रात्रभर चांदण्यात ठेवायची, औषध घालून पहाटे उपाशीपोटी खायची.

"खीर कायची असते, आत्याबाई?" मावशीने विचारलं.

"कायची म्हणजे? दुधाची!"

निघताना मावशी माझ्या आईला म्हणाली, "इंग्लिश पोरीले पाठवा माह्यासंगं. पोरगी बोलत नाही, तेच बरं."

छोट्या रेल्वेगाडीने अर्जुनी, तिथून बैलगाडी. पहाटे मी डोळे उघडले तर मोहाच्या झाडांखाली माणसंच माणसं बसलेली, आणि त्या सगळ्यांचा श्वास ऐकू येत होता. कुणाची शीळ, कुणाची घरघर, कुणाचं नुसतं ओढणं. उजाडायच्या आधीच्या त्या निळ्या उजेडात वाटलं, झाडंच दम लागून उभी आहेत.

मावशी त्यांच्यात फिरत होती. प्रत्येकापाशी वाकून एकच विचारत होती, "बापू, लहानपणी अंगावर काही होतं काय तुमच्या? गालाले, कोपराले?" एक म्हातारा म्हणाला, "नाही, माय. मले विडीनं खाल्लं." एका बाईने चटकन बाही वर केली आणि कोपराच्या घडीतला जुना काळा डाग दाखवला. मग आणखी एकाने मान हलवली. मग आणखी एकाने. मला वाटलं, आता ही खचणार.

ती माझ्याजवळ येऊन बसली. खूप वेळ त्या गर्दीकडे बघत राहिली.

"पण ज्यायले नाही झालं, ते इथं येतीन कायले?" ती म्हणाली. "ते आपल्या घरी झोपले असतीन."

त्या रडक्या, दमलेल्या गर्दीत बसून तिने तिथे नसलेली माणसं पाहिली होती.

खीर आली. पळसाच्या पानाचे द्रोण. महाराजांनी एक सुमीपुढे धरला. मावशीने मधे हात घातला.

"दूध चालत नाही, महाराज, लेकराले. जीव घुसमटते."

"हे दूध नाही, बाई. हा प्रसाद आहे."

"प्रसाद माह्या माथ्यावर. लेकराच्या तोंडात नाही."

शीळ घालणारी ती सगळी गर्दी वळून बघायला लागली. सासू पुटपुटली, "माहा नवस! पाप लागन, पोरी." मावशीने द्रोण घेतला, कपाळाला लावला आणि उभ्या उभ्या सगळी खीर स्वतः खाल्ली. द्रोणही पुसून घेतला.

"फिटला नवस, आत्याबाई. माह्यावर तर चालते ना पाप?"

मागून कोणीतरी म्हणालं, "दमा लेकीले, अन् औषध मायले!" आणि धापा टाकत टाकत लोक हसले. महाराजही हसले. त्यांनी सुमीच्या डोक्यावर हात ठेवला आणि द्रोण पुढे सरकला.

त्या हिवाळ्यात पिल्लू पुन्हा पुन्हा बोललं. डॉक्टर म्हणाले, गिरणीपासून लांब जा. संक्रांतीनंतर मावशीने बिऱ्हाड मुर्रीच्या शेतावर हलवलं. सुमीची शीळ पुढे वर्षावर्षाने कमी होत गेली. पुरती गेली नाही. मळणीच्या दिवसांत अजून येते. मावशी मात्र आता नाही.

बैलगाडी भरून झाली त्या सकाळी मी नेहमीसारखी भिंतीपाशी उभी होते. ती वळसा घालून आमच्या अंगणात आली आणि काही न विचारता मला फिरवून माझ्या पाठीला कान लावला. मी इतकी मोठी, आणि माझी पाठ आजवर कुणी ऐकली नव्हती. मी श्वास धरून ठेवला.

"सोड ना वो," ती म्हणाली.

मी सोडला. तिने सावकाश ऐकलं.

"हवा तं भरपूर आहे आत," ती म्हणाली. "बोलत जाय."

गाडी मुर्रीच्या रस्त्याला लागली. पलीकडच्या रिकाम्या घराच्या खिडकीवर तिचं लुगडं तसंच बांधलेलं राहिलं होतं, कोरडं, कोंड्याने पांढरं झालेलं. मी हाक मारली. मोठ्याने.