नेटकडे पाठ

कोपरीच्या मैदानात मी रोज सकाळी फिरायला जातो. क्रिकेटच्या नेटबाहेरच्या बाकावर एक बाई नेटकडे पाठ करून मेथी निवडत बसलेल्या असायच्या. आत त्यांची मुलगी फलंदाजी करायची. एकोणीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकासाठी संघ निवडायचा होता आणि संभाव्य खेळाडूंमध्ये तिचं नाव होतं. चेंडू बॅटच्या मधोमध बसल्याचा आवाज आला की बाईंचा हात चालूच राही. कडेला लागल्याचा आला की थांबे.

"आई, एकदा तरी बघ ना!"

"तू बॉलकडे बघ गं. माझ्याकडे काय बघतेस?"

एकदा न राहवून मी बाईंना कारण विचारलं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी बघत बसले, की प्रत्येक बॉलनंतर ती माझा चेहरा बघते. तिकडे परदेशात मी कुठून असणार? आत्तापासूनच सवय लावतेय."

मुलीची निवड झाली. संघ रवाना झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीही बाई त्याच बाकावर होत्या. मांडीवर मेथीची जुडी तशीच बांधलेली होती. त्या नेटकडे तोंड करून बसल्या होत्या. आत दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी खेळत होती.